टाक्याआधीची रेघ

क्विल्ट तयार झाली की तिच्यावर कापड दिसते, रंग दिसतात, टाके दिसतात. टाके ज्या रेघेवरून गेले ती रेघ मात्र कुठेच दिसत नाही, आणि ती दिसू नये अशीच अपेक्षा असते. या पुस्तकाचा विषय ती रेघ आहे. वरचे कापड, मधला भराव आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र शिवताना टाका कुठून न्यायचा, ती वाट कापडावर कशाने आखायची, केव्हा आखायची आणि काम झाल्यावर कशी पुसायची, एवढाच प्रश्न इथे पुस्तकभर सविस्तर मांडला आहे.

विषय लहान वाटेल. क्विल्टिंगच्या बहुतेक पुस्तकांत त्याला दोन पाने मिळतात: पेन्सिल हलक्या हाताने चालवा, आधी तुकड्यावर करून पाहा, पुढे चला. शिकणाऱ्यांबरोबर बसले की चित्र वेगळे दिसते. तुकडे जोडण्यात तरबेज असलेल्या, रंगांची उत्तम जाण असलेल्या बायकाही आखणीपाशी येऊन अडतात. इतक्या मेहनतीने जोडलेल्या कापडावर रेघ ओढायला हात धजत नाही. मग जोडांच्या कडेकडेने पाव इंचावर टाके घालून काम उरकले जाते, किंवा तयार स्टेन्सिल आणून त्यावरची पिसे आणि वेली जशाच्या तशा उतरवल्या जातात. दोन्ही रीती चांगल्याच आहेत. पण त्या आवडल्या म्हणून निवडलेल्या नसतात, भीतीपोटी स्वीकारलेल्या असतात. रेघ निघालीच नाही तर, ही ती भीती. ती ज्ञानाने घालवता येते, आणि ती गेली की नक्षी आपली होते. हे पुस्तक त्यासाठी आहे.

आधी ही रेघ कोणते काम करते ते पाहू. क्विल्टमधला टाका शोभेपुरता नसतो. पिंजलेला कापूस नुसता दोन कापडांमध्ये पसरला तर तो वापरात आणि धुण्यात सरकतो, एका कोपऱ्यात गोळा होतो. म्हणून तर पिंजाऱ्याकडून भरून आणलेल्या रजईला आरपार टाके लागतात. भराव जितका सैल, तितके टाके जवळ हवेत. आजकाल मिळणाऱ्या तयार भरावाच्या वेष्टनावर टाक्यांच्या दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेले असते, ते याचसाठी. दुसरे काम सावलीचे. टाका कापड खाली ओढतो, दोन टाक्यांमधला भाग फुगून वर येतो. दाट टाके घातलेली जमीन दबते आणि मोकळे सोडलेले फूल उठते. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने केलेल्या क्विल्टमध्ये दिसते ते सगळे या उंच-सखलपणातून दिसते, रंगाचा तिथे संबंध नसतो. तेव्हा रेघ आखणारी व्यक्ती एकाच वेळी ऊब कुठे टिकेल आणि सावली कुठे पडेल हे ठरवत असते. इतका मोठा निर्णय दोन पानांत मावत नाही.

हा निर्णय कोणाच्या हातात असतो, या प्रश्नाने इतिहास पाहिला तर तो फार बोलका आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिलीत तयार झालेली ट्रिस्टन क्विल्ट आज तुकड्यांच्या रूपात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आणि फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहे. लिननच्या दोन थरांवर ट्रिस्टनच्या कथेतले प्रसंग बाह्यरेषांनी शिवले आहेत आणि आकृत्यांमध्ये मागून कापूस भरून त्या उठावदार केल्या आहेत. घोडे, जहाजे, शिरस्त्राणे, अक्षरे असा तो पसारा आहे. एवढे चित्र कापडावर आधी नीट रेखल्याशिवाय शिवता येणे शक्य नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधल्या सातगाव-हुगळी भागात पोर्तुगीजांसाठी ज्या मोठ्या रजया भरल्या गेल्या, त्यांची गोष्टही अशीच. टसरच्या पिवळसर धाग्याने साखळीटाक्यात भरलेले शिकारीचे देखावे, बायबलमधले प्रसंग, गलबते. चित्रांचे मूळ बरेचदा युरोपीय छापील चित्रांत आणि हात बंगाली कारागिरांचे. म्हणजे रेघ एकाची आणि टाका दुसऱ्याचा.

ही विभागणी सर्वांत स्पष्ट दिसते ती इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमधल्या ॲलनहेड्स या शिशाच्या खाणींच्या गावाजवळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे जॉर्ज गार्डिनर हा दुकानदार निळ्या पेन्सिलीने क्विल्टची वरची कापडे आखून देऊ लागला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या एलिझाबेथ सँडरसन यांनी हा धंदा विसाव्या शतकात नेला आणि पुढे स्वतःही शिकाऊ मुली तयार केल्या. गिऱ्हाइकाने कापड पाठवायचे, ते आखून परत यायचे, घरी चौकटीवर ताणून शिवायचे. या आखणाऱ्यांची वळणदार पाने, गुलाब आणि भोवऱ्यासारख्या वेली इतक्या ओळखू येण्याजोग्या आहेत की त्या भागातल्या कितीतरी क्विल्ट शिवणारी वेगळी असूनही एका हाताच्या वाटतात. काही कापडे आखली गेली आणि शिवायची राहून गेली. त्यांच्यावरच्या निळ्या रेघा आजही पाहता येतात, आणि त्या रेघांचा आत्मविश्वास थक्क करणारा आहे.

आपल्याकडे ही पद्धत अनोळखी नाही. भरतकामाचे सामान विकणाऱ्या दुकानात उशीचे अभ्रे, टेबलक्लॉथ आणि साडीचे काठ छापून मिळत. लखनौच्या चिकनकामात आजही कापडावर लाकडी ठशाने निळीचा किंवा सफेद्याचा कच्चा छाप उठवतात, त्यावर बायका भरतकाम करतात आणि धुलाईत तो छाप निघून जातो. छापणारे हात बहुतेक पुरुषांचे, भरणारे बायकांचे. बंगालच्या नक्षी काँथ्यात मात्र रेघही घरातलीच. जुन्या साड्यांचे थर, साडीच्या काठातून उसवून काढलेले रंगीत दोरे, आणि पेन्सिलीने किंवा थेट सुईदोऱ्याने काढलेल्या बाह्यरेषा. मधोमध कमळ, चार कोपऱ्यांत चार झाडे; मग उरलेल्या जागेत मासे, पालखी, घोडेस्वार, आगगाडी, जे शिवणारीने पाहिले ते. कोलकात्याजवळच्या गुरुसदय संग्रहालयातले काँथे पाहिले की लक्षात येते, ही चित्रे कोणी छापून दिली असती तर ती अशी झालीच नसती.

आणि मग न आखता शिवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. आपली गोधडी, वाकळ तिच्यात बसते. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, कडेने कच्चा दोरा घालून थर धरून ठेवायचे आणि काठापासून धावदोरा घालत आत आत जायचे. पहिली ओळ काठाला समांतर, दुसरी पहिलीला समांतर, मध्ये बोटभर किंवा त्याहून कमी अंतर. इथे प्रत्येक ओळ पुढच्या ओळीची आखणी असते. उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी बायका कवंदी शिवतात तीही कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेने मध्याकडे जात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यातल्या अनेकांची बोली कोकणी आहे. कवंदीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी कापडांची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. हवाई बेटांवर मधल्या कापलेल्या नक्षीच्या भोवती लाटांसारख्या ओळी शिवतात आणि दोन ओळींमधले अंतर बोटाने मोजतात. जपानच्या उत्तरेकडच्या त्सुगारू भागातल्या कोगिन कामात निळ्या जाड कापडाचे उभे धागे विषम संख्येत मोजत पांढरा दोरा घालतात; तिथे विणीचीच चौकट आखणीचे काम करते.

या परंपरांना मी अडाणी म्हणत नाही, कोणी म्हटलेले मला आवडतही नाही. काठ, बोट आणि धागा ही मापे वापरूनच त्या आखतात. आखणीची साधने देणारे हे पुस्तक त्या हातांच्या जागी पट्टी आणि पेन ठेवायला सांगत नाही. आईच्या गोधडीची काठाकाठाने जाणारी ओळ ही एक पूर्ण नक्षी आहे आणि पहिल्या प्रकरणात ती तशीच, पहिला धडा म्हणून दिली आहे.

नक्षी कापडावर उतरवण्याच्या रीती मोजक्याच आहेत. कागद खाली ठेवून वरून गिरवणे, साचा किंवा स्टेन्सिल ठेवून कडेने रेघ ओढणे, ठसा उठवणे, भोकांमधून पूड पाडणे, आणि रंग न वापरता नुसती घडी किंवा ओरखडा उमटवणे. यांतली चौथी रीत, म्हणजे खाका, सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या जरीकामात रोजच्या वापरात आहे आणि क्विल्ट करणाऱ्या मात्र तिच्याकडे वळत नाहीत. बटर पेपरवर नक्षी काढायची. कागदाखाली जाड सतरंजी किंवा फेल्ट घ्यायचे आणि रेघेवरून सुईने एकेक भोक पाडत जायचे, साधारण दोन मिलिमीटरवर एक. भोके फार जवळ पडली तर कागद रेघेवर फाटतो, फार लांब पडली तर वळणाचा आकार हरवतो. भोक पाडताना मागच्या बाजूला कागदाचा कंगोरा उठतो, तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढायचा. नाहीतर पूड अडते आणि खाका कोरा उमटतो. शिलाई मशीनमध्ये दोरा न ओवता हेच काम तीन-चार कागदांवर एकदम करता येते. मग मलमलीच्या फडक्यात खडूची किंवा कोळशाची पूड बांधून पुरचुंडी करायची आणि ती कागदावरून फिरवायची, आपटायची नाही. कागद सरळ वर उचलला की खाली ठिपक्यांची नक्षी तयार असते. रांगोळीचा भोकांचा साचा दारात ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर हे चालते. जरीकाम करणारे पूड न घेता रॉकेलमध्ये नीळ किंवा सफेदा कालवून बोळ्याने फिरवतात; रॉकेल उडून जाते आणि रंग कापडावर बसतो. मुघल चित्रशाळांत हरणाच्या पातळ कातड्यावर भोके पाडून चित्रांच्या नकला याच रीतीने घेत. एक खाका शेकडो वेळा चालतो आणि उलटा ठेवला की आरशातली नक्षी मिळते, म्हणून समोरासमोरचे दोन कोपरे एकाच कागदातून निघतात.

साधनांच्या प्रकरणांत मी प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारला आहे: ही खूण किती काळ जगते आणि कशाने मरते? दुकानातली किंमत, रंग, सोय हे सगळे त्यानंतर. शंखजिऱ्याचा किंवा शिंप्याचा खडू झटकला की जातो, म्हणून तो शिवायच्या थोडे आधी, हातभर जागेपुरता वापरायचा. अंगाच्या साबणाची सुकलेली चीप गडद कापडावर सुंदर बारीक रेघ देते आणि धुताना स्वतःच मदत करते. पेन्सिलीतले ग्राफाइट म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, धाग्यांच्या फटीत अडकून बसतो. म्हणून पेन्सिल टणक घ्यायची, टोक अणकुचीदार ठेवायचे आणि सलग रेघेऐवजी तुटक ठिपके द्यायचे. कार्यालयातला कार्बन पेपर आणि बॉलपेन ही दोन साधने शिवणाच्या डब्यातून कायमची बाहेर काढावीत.

निळे, पाण्याने जाणारे पेन सर्वांत सोयीचे आणि सर्वांत जास्त गैरसमजाचे. त्यावर इस्त्री फिरली तर निळ्याचा तपकिरी डाग होऊन कायमचा बसू शकतो. साबणाच्या पाण्यात आधी घातले तरी तोच धोका. नुसते ओले बोट फिरवून पुसले की रंग खाली भरावात उतरतो आणि कापड सुकताना पुन्हा वर येतो. उपाय साधा आहे: पूर्ण क्विल्ट साध्या गार पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी बदलायचे, मग साबण. जांभळी, हवेत उडून जाणारी शाई दमट हवेत लवकर फिकट होते. कोकणात पावसाळ्यात दुपारी आखलेली वेल रात्री शोधावी लागते, म्हणून ती तिथे एका बैठकीपुरतीच धरावी.

उष्णतेने नाहीशा होणाऱ्या शाईबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे, कारण तिची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पायलट या जपानी कंपनीच्या फ्रिक्शन पेनातली शाई साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर गेली की रंगहीन होते. घासण्याची उष्णता पुरते, तशी इस्त्रीचीही. पण रंगद्रव्य कापडातून जात नाही, तिथेच असते, आणि शून्याखाली १० अंशांच्या पुढे थंडी गेली की ते परत रंग धरू लागते. पुण्यात हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. मात्र नातवासाठी शिवलेली दुपटी टोरांटोला किंवा मिनेसोटाला जातात, तिथे हिवाळ्यात रात्रभर मोटारीत राहतात आणि पुसलेली नक्षी पुन्हा उमटते. गडद कापडावर तर या शाईचा पांढुरका माग गरम इस्त्रीनंतरही उरतो. ही शाई टाळा असे माझे म्हणणे नाही. शिवणीच्या आत जाणाऱ्या खुणांसाठी ती उत्तम आहे. वर दिसणाऱ्या टाक्यांसाठी ती वापरताना क्विल्ट कुठे राहणार आहे याचा विचार करावा.

सगळ्यांत निर्धोक खूण म्हणजे जिच्यात रंगच नाही. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅमकडच्या शिवणाऱ्या चौकटीवर ताणलेल्या कापडावर बोथट सुईच्या टोकाने ओरखडा काढत आणि तो मावळायच्या आत शिवून टाकत. जपानी शिवणकामात त्यासाठी ‘हेरा’ नावाची चपटी पट्टी असते. आपल्याकडे अंगठ्याचे नख ते काम करते. सुती धागा दाबला की घडी धरून ठेवतो, पॉलिएस्टर धरत नाही. म्हणून ही रीत सुती आणि लिननवर फळते.

साधनांनंतर हिशेब. आखणीत चुका होतात त्या बहुधा हाताच्या नसतात, मापाच्या असतात, आणि त्या किनारीत उघड्या पडतात. समजा किनारीची लांबी ८७ इंच आहे आणि पिळाच्या दोरीची तुमची नक्षी दर ६ इंचांनी पुन्हा येते. भागाकार साडेचौदा येतो, म्हणजे एका टोकापासून आखत गेलात तर दुसऱ्या कोपऱ्यात अर्धे वळण लटकत राहील. उपाय दोन: १४ वळणे घ्या, प्रत्येक सुमारे ६.२ इंचांचे होईल. किंवा १५ घ्या, प्रत्येक ५.८ इंचांचे. दोन्हींत बदल एका वळणामागे अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास आहे, तो डोळ्याला कळत नाही. कोपऱ्यात तुटलेली दोरी मात्र लांबूनही दिसते. हे कापडावर करून पाहायचे नाही. ब्राऊन पेपरची किनारीएवढी पट्टी कापायची, तिच्यावर वळणे पाडायची, कोपरा आधी बसवायचा आणि उरलेली जागा नंतर वाटायची. वर्तमानपत्राची पट्टी नको, त्याची शाई कापडाला लागते. ज्यांना गणिताची धास्ती वाटते त्यांना मी आग्रहाने सांगेन की इथे भागाकारापलीकडे काही नाही, आणि कागदाची घडी तोही करून देते.

थर जोडण्याआधी आखावे की नंतर, हा वाद जुना आहे. आधी आखले तर कापड कडक टेबलावर सपाट असते, खाली कागद ठेवून ट्यूबलाइटच्या उजेडात गिरवता येते, रेघ नेमकी पडते. पण तीच रेघ पुढे महिनोन् महिने हाताळणी सोसणार, घाम सोसणार, म्हणजे ती टिकाऊ हवी, आणि टिकाऊ रेघ काढायला अवघड. नंतर आखले तर खडू, साबण, नख अशी अल्पजीवी साधने चालतात, मात्र खाली भराव मऊ असल्याने गुंतागुंतीची नक्षी उतरत नाही. माझे मत असे: बारीक वेल, पिसे, मध्यातले फूल आधी आखा, जमीन भरणाऱ्या सरळ, तिरक्या आणि समांतर ओळी शिवता शिवता आखा. मोठ्या क्विल्टसाठी ही मिश्र रीतच सोयीची.

आता काही ठिकाणी नक्षी संगणकावर रेखली जाते आणि मोठे मशीन तिच्यावरून स्वतः चालते. कापडावर खूण करायचीच नसते. त्या तंत्राचे स्वागत आहे. पण तिथेही तयार फाइल विकत घेणारी आणि स्वतः रेघ ओढणारी यांच्यात तोच फरक उरतो, जो ॲलनहेड्सहून आखून आलेल्या कापडात आणि बंगालच्या घरातल्या काँथ्यात होता. ज्याने रेघ ठरवली त्याची नक्षी. टाका कितीही बारीक, कितीही सारखा असला, तरी तो दुसऱ्याच्या रेघेवरून चालत असेल तर शिवणारीच्या डोळ्यांनी पाहिलेले जग त्यात येत नाही. गेल्या काही वर्षांत मराठी घरांतून ज्या देखण्या क्विल्ट तयार होत आहेत, त्यांच्यावर पैठणीचा मोर, दारातली तुळस, गावचा घाट, वारीची वाट अजून फार कमी दिसते, आणि याचे कारण कौशल्याचा अभाव हे नक्कीच नाही.

रेघ निघणार नाही ही भीती आधी जावी म्हणून पुस्तकाची मांडणी उलटी ठेवली आहे. पुसण्याची प्रकरणे आधी, आखण्याची नंतर. वाचकांना एकच विनंती: पहिल्या प्रकरणापाशी थांबून, जी क्विल्ट करायची आहे तिच्याच कापडाचा वीतभर तुकडा, तोच भराव आणि तेच अस्तर घ्या. घरात असलेल्या प्रत्येक साधनाने त्यावर एकेक रेघ ओढा आणि शेजारी नाव लिहा. अर्ध्या तुकड्यावर इस्त्री फिरवा, अर्ध्यावर नको. आठवडाभर ठेवून धुवा. जे राहिले ते फेकून द्या, जे गेले ते वापरा. या तुकड्याने जी खात्री मिळेल ती कोणत्याही पुस्तकाने मिळत नाही, यानेही नाही. त्यानंतर मोठे कापड पसरा, मधोमध घडी घालून मध्य शोधा आणि पहिली रेघ स्वतःच्या मनातली ओढा.